डावी कड

१

भिंतीवर काय लावायचं हे मला कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी लोकांची चित्रं फ्रेम करतेय. लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, पोरांची सर्टिफिकेटं, हौशी बायकांनी विणलेली फुलं, सगळं या हातांखालून गेलंय. खाली दुकान, वर घर. आणि वरच्या घरात एकाही भिंतीवर चित्र नाही, कारण दिवसभर तेच बघून झाल्यावर संध्याकाळी मला कोरी भिंत लागते. नवऱ्याला हे मान्य होतं. म्हणजे तीस वर्षं हे त्यावरून भांडले, पण भांडून झाल्यावर मान्य होतं.

मग यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी छाती उघडली, काय करायचं ते केलं, परत शिवून घरी पाठवलं आणि बजावलं, दोन महिने पडून राहायचं, चिडायचं नाही, त्रागा करायचा नाही. ऐकून मला हसूच आलं. हे इमारतींचे नकाशे काढायचे. एक रेघ इकडची तिकडे झाली की ऑफिस डोक्यावर घ्यायचे. घरात तर विचारूच नका. कोपऱ्यावर पेपर आणायला निघाले तरी दारातून "येतो गं!" असं ओरडायचे की खाली माझ्या हातातली काच हलायची. आमचा संसार म्हणजे एक लांबलचक भांडण, आणि ते मी जिंकत आले, असं मी म्हणते. हेही तसंच म्हणतात.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी हे पलंगावरून म्हणाले, "समोरची भिंत बघून बघून मला वेड लागेल. काहीतरी लाव तिथे. मोठं."

"किती मोठं?"

"भिंत दिसणार नाही एवढं."

"पलंगाच्या रुंदीच्या दोन तृतीयांश," मी म्हटलं. "त्याहून मोठं लावलं की खोली अंगावर येते. आणि आडव्या माणसाने बघायचं असेल तर वीतभर खाली घ्यावं लागतं."

"भाषण नको. चित्र आण."

मी खालून नमुने आणले. समुद्र दाखवला, तर म्हणे पाय ओले झाल्यासारखं वाटतं. होड्या दाखवल्या, तर एकीचं शीड वाऱ्याच्या उलट्या बाजूला फुगलंय. फुलं दाखवली, तर म्हणाले, "ही दातांच्या डॉक्टरकडे असतात. बघूनच माझी दाढ दुखायला लागली." जंगल अंधारं, डोंगर खोटे. रंगांचे नुसते पट्टे ओढलेलं एक होतं, त्यावर विचारलं, "हे करणाऱ्याला घरी कोणी काही बोलत नाही का?" चार दिवस हेच. मी जिना चढून उतरून घामाघूम आणि हे उशीला टेकून परीक्षक. डोक्यात तिडीक जात होती माझ्या. पण खरं सांगते, त्याच चार दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस वाचला.

पाचव्या दिवशी नणंद आली. यांची धाकटी बहीण, एका शाळेत मुख्याध्यापिका. शाळा सुटते, पण हिच्यातून शाळा सुटत नाही. मी तिला हेडबाई म्हणते, अर्थात तोंडावर नाही. दोन माणसांकडून उचलून तिने एक भलंमोठं पार्सल वर आणलं. साडेपाच फूट बाय साडेतीन. कुठल्यातरी बंद होणाऱ्या दुकानातून घेतलेलं, कॅनव्हासवर छापलेलं चित्र. फ्रेमवालीच्या घरात, फ्रेमवालीला न विचारता.

माळरान होतं. सुकलेलं गवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी कुंपण, मागे धुकं. माणूस नाही, जनावर नाही, पाखरू नाही.

"कोपरे बघा केवढे जाड दुमडलेत," मी म्हटलं. "पिना वाकड्या मारल्यात. लाकूड ओलं वापरलंय, महिन्यात वाकेल."

यांचं लक्षच नव्हतं. चित्राकडे बघून हे हसत होते. असं हसू मी यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं, कुणी घ्यायला आल्यावर माणूस हसतो ना, तसलं.

"हेच," हे म्हणाले. शीड नाही, दाढ नाही, एकसुद्धा चूक काढली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

२

लावलं. मीच लावलं, दुसऱ्या कुणाला खिळा ठोकू देते की काय. हेडबाई मागे उभी राहून "वहिनी, जरा डावीकडे" म्हणत होती, म्हणून मी जरा उजवीकडे घेतलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणतात तेव्हा चारी बाजूंनी चार चार बोटं कापड कडेवर वळतं, तिथून मागे जातं, आणि मागच्या लाकडावर पिना मारतात. कडेवर खुद्द चित्र गेलं तर ते समोरून कापल्यासारखं दिसतं. म्हणून छापणारे चित्राच्या काठचाच तेवढा तुकडा आरशात दिसावा तसा उलटा करून कडेवर छापतात. समोर काठाजवळ खांब असला तर कडेवर तोच खांब उलटा. समोर जे नाही ते कडेवर असूच शकत नाही. हे माझ्या धंद्यातलं पहिलीतलं गणित आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्रावरची धूळ पुसत होते. डाव्या कडेवरून फडकं फिरवलं आणि थांबले. कडेवरच्या दोन खांबांच्या मधे, गवतात, एक माणूस उभा होता. करंगळीच्या नखाएवढा. पाठमोरा.

मी समोर आले. तेच दोन खांब, तेच गवत, मधे कोणी नाही. परत कडेला गेले. माणूस.

छापण्यातली चूक, मी स्वतःला सांगितलं. मशिनं काय वाटेल ते करतात. एकदा एका नवरानवरीच्या फोटोच्या कडेवर आधीच्या गिऱ्हाइकाचा कुत्रा छापून आला होता, केवढा तमाशा झाला होता दुकानात. तसंच हे. बंद होणारं दुकान, फुकट जाणारी शाई, आणि आमच्या हेडबाईंची पारख.

"काय बघतेस एवढं?" हे पलंगावरून म्हणाले.

"धूळ."

"त्या बाजूला काही नाहीये. नुसता उतार आहे."

"कसला उतार?"

"कुंपण संपतं ना, तिथून पुढे. गवत कमी होतं आणि उतार लागतो." ऑफिसला जायचा रस्ता सांगावा तसं सांगितलं यांनी.

चित्रात कुंपण संपत नव्हतं. पलंगावरून कड दिसतच नव्हती. भूल दिली की काही दिवस माणूस असंबद्ध बोलतो, हे मला नर्सने सांगून ठेवलं होतं, तेच मी मनात घोळवत खाली गेले.

३

त्यानंतर हे भांडायचे थांबले.

सुरुवातीला मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. मग भीती वाटायला लागली, आणि मला भीती वाटली की राग येतो, हा माझा स्वभाव आहे. चहा मुद्दाम गार दिला, प्यायले. बिनमिठाचं सूप दिलं, प्यायले. चष्मा लपवून ठेवला, मागितलासुद्धा नाही. शेवटी मी हुकमी पत्ता टाकला. आमच्या या घराचा जिना यांनी स्वतः आखलाय, आणि त्याची चौथी पायरी अर्धा इंच बुटकी आहे असं मी वीस वर्षं म्हणतेय आणि ती तशी नाही असं हे वीस वर्षं म्हणतायत. दोनदा मोजून झालीय, दोन्ही वेळा पट्टीवरून भांडण झालंय.

"तुमची ती चौथी पायरी," मी म्हटलं, "आज परत अडखळले मी तिच्यावर."

"असेल बुटकी," हे म्हणाले. चित्रावरून नजरही हलली नाही.

असेल! मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

डॉक्टर बघायला घरी आले. "नाडी मंद आहे थोडी," ते म्हणाले, "पण पेशंट किती शांत आहेत. छानच की."

"डॉक्टर, हा माणूस शांत नाही. कधीच नव्हता. काहीतरी बिघडलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मलाच एक झोपेची गोळी लिहून दिली. असा संताप आला की ती चिठ्ठी मी त्यांच्यादेखत चुरगळली.

त्या दिवशी यांचे मोजे बदलले तर एका मोज्यात कुसळं होती. सुकलेल्या गवताची, चार-पाच, लोकरीत घट्ट अडकलेली. आठवडाभर या माणसाचा पाय जमिनीला फक्त संडासापर्यंत लागला होता. मोजे गच्चीवर वाळत घातले होते, तिथे उडून आली असतील, मी म्हटलं. गच्चीवर गवत नाही हेही मीच म्हटलं.

मग मी चित्राशी गेले आणि त्याच्या मधोमध टिचकी मारली. ताणलेला कॅनव्हास कसा ठणठणीत वाजतो. हा आठ दिवसांत ओल्या चादरीसारखा झाला होता. आणि कडेवरचा माणूस पुढे गेला होता. आधी तो समोरच्या घडीपासून एका बोटावर होता. आता दोन. मी कानामागची पेन्सिल काढून त्याच्या टाचेशी बारीक रेघ मारली. लाकूड आक्रसलं असेल, कापड सरकलं असेल, असं पुटपुटत मारली. दुसऱ्या दिवशी रेघ मागे राहिली होती. दुसरी रेघ मारली. तीही मागे राहिली.

तिसऱ्या दिवशी मी जोड तपासायचं भिंग घेऊन आले. पाठमोऱ्या माणसाच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. उजव्या कोपरावर निळं ठिगळ.

यांच्या स्वेटरला निळं ठिगळ मीच लावलंय. डाव्या कोपराला. लावताना "रंग जुळत नाही" म्हणून हे तासभर कटकट करत होते. आरशात डावं उजवीकडे दिसतं, हे कुणाही लहान पोराला माहीत असतं. मी मागे वळून बघितलं. हे पलंगावर तोच स्वेटर घालून बसले होते आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे, माळरानाकडे बघत होते.

४

हेडबाई रविवारी आली, तेव्हा मी तिला हाताला धरून चित्रापाशी नेलं आणि भिंग हातात दिलं.

"कुठे गं?" तिने डोळे बारीक केले. "हा? हा डाग आहे, वहिनी."

"डागाला ठिगळ असतं?"

"छपाईचा डाग आहे. आणि या रेघा कोणी मारल्या? अगं, नवीन चित्रावर पेन्सिल?"

"ते रोज पुढे जातायत."

"कोण ते?"

मी पलंगाकडे बघितलं. ती मला खोलीबाहेर घेऊन आली आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तू झोपतेस का नीट? मी आणलं म्हणून तुला ते चित्र खुपतंय. दादा इतक्या वर्षांत पहिल्यांदा निवांत दिसतोय, आणि तुला ते बघवत नाही."

"निवांत नाही तो, निघालाय!" मी ओरडले. "तू त्याला वाट आणून दिलीस घरात!"

"अगं, भांडू नका," आतून यांचा आवाज आला. मऊ, दमलेला. घरात भांडण पेटलंय आणि हा माणूस त्यात तेल ओतायचं सोडून भांडू नका म्हणतोय. हेडबाईचे डोळे भरून आले, तिला ते गोड वाटलं. ती गेल्यावर मी दार असं लावलं की वरची खिट्टी खाली पडली.

तिचं एक वाक्य मात्र मनातून जाईना. निवांत दिसतोय आणि तुला बघवत नाही. खरंच नव्हतं बघवत.

५

दुपारी यांचा डोळा लागला तेव्हा मी चित्र उतरवलं आणि एकटीने जिन्यावरून खाली नेलं. चौथ्या पायरीवर अडखळले. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चित्र टेबलावर पालथं घातलं, दिवा वाकवून डाव्या कडेवर आणला.

तो मागच्या घडीवर पोचला होता. एक पाय कडेवर, दुसरा घडीपलीकडे, मागच्या लाकडावर. तिथून पुढे दोन बोटं रंगीत पट्टी उरली होती, खाली कललेलं विरळ गवत. उतार. त्यापुढे नुसता पांढरा कॅनव्हास, छापलेलं काही नाही.

छपाईत कडेजवळ दोष निघाला तर आमच्या धंद्यात एक सोपा उपाय असतो. दोन्ही बाजूंच्या पिना उचकटायच्या, रुंद तोंडाच्या पकडीने कापड दोषाच्या बाजूला खेचायचं, दोष चौकटीच्या मागे घ्यायचा आणि पिना मारून टाकायच्या. भिंतीकडे तोंड. गिऱ्हाइकाला आयुष्यात कळत नाही. मी हे शेकडो वेळा केलंय, डोळे मिटून करेन.

तसंच केलं. पिना उचकटल्या, पकड लावली, खेचलं. कापड आलं आणि त्याच्याबरोबर तो पूर्ण मागे आला, लाकडावर सपाट. मी पिनांचं मशीन उचललं. माझी पिन दोन बोटांवर एक पडते, तीस वर्षांत हाताला मोजायची गरज उरलेली नाही. कडेच्या मध्यापासून पहिली, खट्. दुसरी, खट्. तिसरी नेमकी त्याच्यावर येत होती.

केसभर सरकवता आली असती. मला दिसत होतं. दोन खांद्यांच्या मधे मशीनचं तोंड टेकलेलं होतं आणि मला पेपर आणायला जातानाचं ते "येतो गं!" आठवलं. सिगरेट सोडल्याची शपथ घेऊन कोपऱ्यावर ओढायला जातानासुद्धा हा माणूस ओरडून जायचा. आणि आता? मी खाली काचा कापत असताना, एक शब्द न बोलता, रोज एकेक बोट?

"न सांगता निघालात?" मी मोठ्याने म्हटलं. "मला न सांगता?"

खट्.

वर पलंग करकरला. मग सगळं घर हादरेल असा आवाज आला, "अगं! काय चाललंय काय खाली! माणूस झोपलाय की मेलाय, बघायची काही पद्धत?"

मी दुकानाच्या जमिनीवर बसले, भुशात, आणि तोंडात ॲप्रनचा बोळा कोंबून हसले. बराच वेळ हसले. रडलेही असेन.

६

पुढचे चार दिवस दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, जिन्यात, सगळीकडे यांचा आवाज. चित्र परत लावलं त्या क्षणी सुरू झाले. "कोणी हलवलं हे? कुंपण चार बोटं डावीकडे सरकलंय. आणि उजवीकडे हा खांब दोनदा आलाय, आंधळ्यालाही दिसेल!" खरंच आला होता. डावीकडे खेचलं की उजवी उलटी पट्टी समोर येणारच. "सुपात मीठ का नाही? चष्मा कोणी लपवला? चौथी पायरी बुटकी आहे असं मी म्हटलं? शुद्धीत नसेन मी!" मी कंबरेवर हात ठेवून एकेकाला उत्तर देत होते. किती बरं वाटत होतं काय सांगू.

डॉक्टर खूश. नाडी उत्तम. कॅनव्हासवर टिचकी मारली तर ठणठणीत. "पाठीत टोचतंय म्हणतायत फक्त," डॉक्टर म्हणाले. शर्ट वर करून बघितलं. दोन खांद्यांच्या मधे दोन लाल ठिपके, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. रक्त नाही, सूज नाही. "काही चावलं असेल," म्हणाले आणि मलम दिलं. ते अंतर मला ओळखीचं होतं. मी पट्टी आणली नाही.

मलम चोळलं. ठिपके तसेच.

पाचव्या दिवसापासून यांना उताणं पडता येईना. कुशीवरही येईना. उशीचा आधार न घेता ताठ बसून राहायचे, नजर चित्रावर, दात आवळलेले. हे ओरडत होते, पण ओरडणं बदललं होतं. पूर्वीचं भांडण कधीतरी संपायचं. दोघांतलं एक कुणीतरी फिस्सकन हसायचं आणि मग चहा व्हायचा. हे संपत नव्हतं. हे तोंडात घास असताना ओरडायचे, पाणी पिताना ओरडायचे, शब्द संपले की नुसते ओरडायचे. हेडबाई आली, दारातच उभी राहिली. "वहिनी, दादाला काय झालंय?" ती कुजबुजली.

"बरा झालाय," मी म्हटलं.

यांचे पाय बर्फासारखे गार पडायचे. पायजम्याच्या कडा सकाळी ओल्या असायच्या. मी कुसळं काढायचे, गुपचूप, आणि केरात टाकायचे.

७

काल सकाळी खोलीत ऊन आलं होतं. मी चादर बदलत होते. हे ओरडत नव्हते.

"ती काढ," हे म्हणाले.

"काय काढू?"

"तुला माहितीये."

"अहो, नाडी उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात चालायला..."

"नाडीचं काय लोणचं घालू? उभा आहे मी तिथे. दिवसरात्र. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. गुडघे गेले माझे." हळू बोलत होते, नकाशा समजावून सांगताना बोलायचे तसं.

"न सांगता निघाला होतात तुम्ही!" माझा आवाज फुटला. "आयुष्यभर दारातून ओरडून गेलात आणि हे असं गुपचूप?"

यांनी मान खाली घातली. "चुकलं," हे म्हणाले. तीस वर्षांत हा शब्द या घरात या माणसाच्या तोंडून आला नव्हता. "तू खाली होतीस. कामात होतीस. आता सांगतो ना." यांनी माझा हात धरला. "जातो गं."

जातो. दोन मिनिटांसाठी बाहेर पडायचं असलं तरी माणूस दारात येतो म्हणतो. यांनीही कायम येतोच म्हटलं होतं.

मी हात सोडवून घेतला. चित्र उतरवलं आणि यांच्यासमोर जमिनीवर पालथं घातलं. ॲप्रनच्या एका खिशात पिना उचकटायचा चिमटा होता, दुसऱ्यात मशीन. गुडघ्यांवर बसले आणि डाव्या बाजूची तिसरी पिन बघितली.

तिचा एक पाय लाकडातून सुटला होता. पिन वर उठत होती आणि बसत होती. उठत होती, बसत होती, ठरलेल्या वेगाने. कापड तिच्याभोवती ओढलं जाऊन पांढऱ्याकडे सुरकुतलं होतं. खाली तो होता. मी भिंग काढलं नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसलं तेवढं पुरे झालं. तो आता पाठमोरा नव्हता.

मी चिमटा पिनेखाली घातला. खोटं कशाला सांगू, घातला. मनगट एवढंसं वळवलं असतं तरी निघाली असती. वळवण्याआधी वर बघितलं. हे डोळे मिटून बसले होते, आणि तोंडावर तेच हसू होतं, पहिल्या दिवशी या माळरानाकडे बघून आलेलं. माझ्याकडे बघून हा माणूस तीस वर्षांत एकदाही असा हसला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी चिमटा खाली ठेवला आणि मशीन उचललं. एक पिन त्या ढिल्या पिनेच्या शेजारी मारली. एक पायांवर. एक वर, मानेपाशी.

"अगं, नको! नको गं..."

"ओरडा," मी म्हटलं आणि चौथी पिन भरली. "किती ओरडायचंय ते ओरडा. मी आहे इथे."